राजवाड्याचा वास

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात पाण्यापासून करतो. गोदाकाठच्या माणसांना पाण्याची गोष्ट फार फोड करून सांगावी लागत नाही.

पॅरिसपासून वीसेक किलोमीटरवर व्हर्साय आहे. तेराव्या लुईने तिथं १६२३ मध्ये शिकारीसाठी एक छोटं घर बांधलं. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, त्या घराचा एवढा मोठा राजवाडा केला की युरोपातल्या बाकीच्या राजांची झोप उडाली. १६८२ च्या मे महिन्यात राजा, मंत्री, सरदार, कारकून, आचारी असं सगळं लटांबर तिकडे मुक्कामाला गेलं. बाग आखली आंद्रे ल नोत्रने. तिचं काम १६६१ च्या सुमारास सुरू झालं. जागा दलदलीची, आणि हाताशी मोठी नदी नाही. नेमकी तिथंच राजाला कारंजी हवी होती, आणि तीही शेकड्यांनी.

पाणी पुरेना. सगळी कारंजी एकदम सोडली तर टाक्या बघता बघता कोरड्या पडायच्या. मग कारंजेवाल्यांनी तोड काढली. राजा फिरायला निघाला की ते शिट्टी घालून एकमेकांना खूण करत. राजा वळणावर आला की पुढचं कारंजं सुरू, तो पाठमोरा झाला की मागचं बंद. जिथं राजाची नजर जाईल तिथं पाणी उसळतंय आणि जिथून नजर हटली तिथं सगळं शांत, असा मामला.

व्हर्सायच्या चित्रांत कारंजी भरपूर आहेत. ती शिट्टी कुठल्याच चित्रात नाही. आज मला बोलायचंय ते या शिट्टीबद्दल. राजवाडा आणि बाग संग्रहालयात आणायची म्हटली की आपण खुर्च्या आणतो, झुंबरं आणतो, तैलचित्रं आणतो. डोळ्यांना जे दिसतं ते येतं. कानाला, नाकाला आणि हाताला जे कळत होतं ते तिथंच राहतं. आणि गंमत अशी, की राबणारी माणसं नेमकी त्या राहिलेल्या भागात असतात.

अलीकडे जगभर अशी प्रदर्शनं होऊ लागलीत ज्यांत वास, आवाज आणि स्पर्श मुद्दाम योजलेले असतात. व्हर्सायवरच कॅनबेरात, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात, डिसेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ या काळात मोठं प्रदर्शन झालं. बागेतल्या लातोना कारंज्यावरची मूळ संगमरवरी मूर्ती त्यासाठी समुद्रापार नेली होती. दीडेक टन वजन! लातोना ही देवी आणि तिची दोन मुलं. मूर्ती अप्रतिम आहे, वाद नाही. पण मूळ जागी तिच्याभोवती बेडकं आहेत, कासवं आहेत, अर्धे बेडूक झालेले शेतकरी आहेत आणि त्या सगळ्यांच्या तोंडांतून पाणी उडतं. लातोनाला तहान लागली, शेतकऱ्यांनी तिला तळ्याचं पाणी पिऊ दिलं नाही, म्हणून त्यांचे बेडूक झाले, अशी ती ग्रीक कथा. दालनात मूर्ती कोरडी उभी राहते. पाण्यावरच्या भांडणाचा देखावा पाण्यावाचून पाहायचा, म्हणजे निम्मी गोष्ट गेलीच. अशा ठिकाणी आवाज लागतो. नळीतून बाहेर पडताना पाण्याची फुसफुस होते, मग सलग सळसळ ऐकू येते, आणि कळ बंद केली की शेवटचे थेंब पडतात.

आता आवाजाचाच विषय निघालाय तर मार्लीचं यंत्र सांगायलाच हवं. पाणी पुरेना म्हणून सेन नदीवर १६८४ पर्यंत एक अवाढव्य यंत्र उभं राहिलं. १४ पाणचक्क्या, प्रत्येकीचा व्यास तीन-चार मजली घराएवढा, आणि दोनशेच्या वर पंप. नदीचं पाणी टप्प्याटप्प्याने दीडशे मीटरहून उंच चढवायचं काम होतं. लाकूड, लोखंड आणि चामडं एकमेकांवर रात्रंदिवस घासत राहायचं. त्याचा कर्कश आवाज आसपासच्या लोकांना नकोसा झाला होता. म्हणजे राजाच्या बागेत जो गोड खळखळाट होता, त्याची किंमत काही मैलांवरचे लोक कानांनी मोजत होते. प्रदर्शन मांडणारा मी असतो, तर एका खोलीत हे दोन्ही आवाज ठेवले असते. आधी कारंजं, आणि दार उघडून पुढे गेलं की यंत्र.

तेवढ्यावरही भागलं नाही. १६८५ मध्ये यूर नदीचं पाणी कालव्याने आणायचं ठरलं. वीस-तीस हजार सैनिक मातीकामाला जुंपले. दलदलीतल्या तापाने त्यांतले हजारो मेले. १६८८ मध्ये लढाई सुरू झाली, सैन्य तिकडे गेलं आणि काम थांबलं ते कायमचं. मँतनों या गावी त्या अर्धवट जलवाहिनीच्या कमानी अजून उभ्या आहेत. पाणी त्यांवरून व्हर्सायला कधीच पोचलं नाही.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, वक्ता राजवाड्यावर डूख धरून आलाय. तसं नाही. मला ती बाग आवडते, आणि चौदावा लुई प्रदर्शन मांडण्यात आपल्या सगळ्यांचा बाप होता असं माझं मत आहे. या माणसाने बाग कशी दाखवावी याचं टिपण स्वतः तयार केलं. १६८९ ते १७०५ या काळात त्याची सहा रूपं झाली. वर्णनं जवळजवळ नाहीतच, नुसत्या सूचना आहेत. इथून बाहेर पडा, पायऱ्यांवर थांबा, मागे वळून वाड्याचं दर्शनी अंग पाहा, डावीकडे घ्या, इथं कारंजी पाहा. राज्यकारभार सांभाळणारा माणूस पाहुण्याने कुठल्या पायरीवर मान वळवावी हे ठरवत बसतो, यावरून ती बाग त्याच्यासाठी काय होती ते कळतं. आजचा कुठलाही प्रदर्शनकार वेगळं काय करतो? दिवे कमी-जास्त करतो, भिंत आडवी घालतो आणि तुम्हाला हवं तिथं उभं करतो.

या बागेत एक भुलभुलैया होता. त्यात ३९ कारंजी, आणि प्रत्येक कारंज्यावर इसापनीतीतली एकेक गोष्ट. आपला कोल्हा आणि करकोचा, ससा आणि कासव, तीच मंडळी, फक्त शिशाची आणि रंगवलेली. प्राण्यांच्या तोंडांतून पाणी निघायचं, जणू ते एकमेकांशी बोलतायत. शेजारी चार ओळींचं पद्य लिहिलेलं. युवराजाने वाट चुकत चुकत वाचायला शिकावं, अशी कल्पना. पाहायचं, ऐकायचं, भिजायचं, हरवायचं आणि वाचायचं, सगळं एकत्र. ‘बहुसंवेदी’ वगैरे शब्द जन्मायच्या तीनशे वर्षं आधी! १७७४-७५ मध्ये सोळाव्या लुईच्या काळात तो मोडला. देखभालीचा खर्च भारी पडत होता आणि फॅशनही बदलली होती. मूर्तींतल्या थोड्या वाचल्या.

आता वास. इथं मी जरा रेंगाळणार आहे, घड्याळ दाखवू नका.

व्हर्सायच्या आवारात त्रियानों नावाची जागा आहे. तिथं १६७० मध्ये लुईने एक छोटा बंगला बांधला. निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेला, आणि त्यातल्या एका दालनाचं नावच सुगंधाचं दालन. भोवती फुलं होती, पण नुसती लावलेली नव्हती. कुंड्याच्या कुंड्या जमिनीत पुरून ठेवलेल्या. एक ताटवा कोमेजला की माळ्यांनी कुंड्या उपसायच्या आणि दुसऱ्या पुरायच्या. राजा जेवून बाहेर येईपर्यंत बागेचा रंग बदललेला. आणि फुलं कोणती? जाई-मोगऱ्याच्या जातीची, आणि आपला निशिगंध! तीच गुलछडी, जी आपल्या फुलबाजारात पहाटे जुड्या बांधून येते आणि लग्नाच्या हारांत जाते. मूळची ती मेक्सिकोची. एका अंगाने ती आपल्याकडे आली आणि दुसऱ्या अंगाने युरोपात गेली. त्रियानोंला ती इतकी लावली होती की संध्याकाळी वासाने दरबारी लोकांना बागेत थांबवेना, असं दरबारातल्याच सँ-सिमोंने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

बंद खोलीत निशिगंधाच्या चार काड्या ठेवून झोपलेल्याला हे पटेल. पहिल्या तासाला स्वर्ग, मध्यरात्री डोकं धरतं. म्हणून म्हणतो, प्रदर्शनात निशिगंधाचा वास ठेवायचा तर तो अति ठेवा. थेंबभर, शिष्ट, हॉटेलच्या लॉबीतल्यासारखा नको. माणसाला तिथून निघावंसं वाटलं पाहिजे. ती बाग सुंदर होती म्हणून नाही, तर अति होती म्हणून लक्षात राहिली.

खुद्द लुईचं सांगायचं तर तरुणपणी अत्तरांचा शौकीन असलेला हा राजा म्हातारपणी वासांनी हैराण व्हायचा. डोकं उठायचं. चालायचा तो फक्त संत्र्याच्या फुलांचा वास. संत्र्याची झाडं त्याचा जीव की प्राण होती. राजवाड्यात ती चांदीच्या कुंड्यांत ठेवलेली असत, आणि १६८९ मध्ये लढाईच्या खर्चासाठी चांदीचं सगळं सामान वितळवलं त्यात त्या कुंड्याही गेल्या. पण झाडं राहिली. फ्रान्सच्या थंडीत संत्रं उघड्यावर जगत नाही. त्यासाठी १६८४ ते १६८६ मध्ये दीडशे मीटरहून लांब, जाड भिंतींचं, दक्षिणेकडे तोंड असलेलं एक दालन बांधलं. आजही तिथं हजारावर झाडं आहेत, काही दोनशे वर्षांहून जुनी. हिवाळाभर आत, आणि मेच्या मध्यावर बाहेर. ज्या लाकडी पेट्यांत ती असतात त्यांच्या बाजू उघडता येतात. झाड न उपटता, एक बाजू खोलायची, जुनी माती आणि गुंतलेली मुळं काढायची, नवी माती भरायची, बाजू बंद. मग दुसरी बाजू. मला विचाराल तर प्रदर्शनात व्हर्सायच्या प्रसिद्ध आरशांपेक्षा ही पेटी ठेवा. खरीखुरी, बिजागरीसकट. लोकांना उघडू द्या, हात मातीत घालू द्या.

आणि एक वास असा की तो कुठल्याही अत्तरवाल्याकडे मिळत नाही. राजवाड्याच्या शेजारी राजाची भाजीबाग होती, आजही आहे. नऊ हेक्टरांची. ला कँतिनी नावाच्या गृहस्थाने १६७८ ते १६८३ मध्ये ती पाणथळ जागा बुजवून तयार केली. हा माणूस मूळचा वकील! राजाला अंजिरं आणि मटार फार प्रिय, आणि ते सगळ्यांच्या आधी हवे. ऐन थंडीत शतावरीचे कोंब पानात हवेत. मग ला कँतिनीने काय केलं? घोड्याच्या ताज्या लिदीचे वाफे केले. लीद कुजताना तापते, त्या उबेवर रोपं धरली आणि वरून काचेच्या घंटा झाकल्या. तबेल्यात घोडे भरपूर, त्यामुळे लिदीला तोटा नाही. राजाने त्याला उमराव केलं. मला नेहमी वाटतं, व्हर्सायचा सगळ्यात खरा वास हा, काचेखाली वाफाळणाऱ्या लिदीचा. इथं द्राक्षबागा करणारी मंडळी बसली आहेत. बागेला फूल येण्याआधी काय काय घालावं लागतं आणि त्याचा वास घरापर्यंत कसा येतो, हे तुम्हीच मला सांगा.

२०२३ मध्ये त्रियानोंच्या परिसरात सुगंधी झाडांची एक नवी बाग लोकांसाठी खुली झाली. चांगलं आहे. पण ती अत्तरवाल्यांची बाग आहे, लिदीची नाही.

हे सगळं दालनात आणायचं कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न येणारच. वास हा संग्रहालयातला सगळ्यात अवघड पाहुणा. तो सोडला की परत बोलावता येत नाही. कापडात शिरतो, शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यातली काही रसायनं जुन्या वस्तूंना अपाय करू शकतात. म्हणून मूळ वस्तू असलेल्या दालनात मोकळा वास सोडत नाहीत. झाकणाची पेटी, दाबायची कळ किंवा पायाने दाबायची पट्टी असं काहीतरी करतात. नेदरलँड्समध्ये हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०२१ मध्ये जुन्या चित्रांतल्या वासांचं प्रदर्शन केलं, त्यात पायाची पट्टी होती. चित्रातल्या कालव्याची घाण हवी असेल त्याने पाय द्यावा, नको त्याने पुढे जावं. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या व्हायकिंग केंद्राने तर १९८४ पासून संडासाचा वाससुद्धा ठेवलाय, आणि शाळेच्या पोरांना घरी गेल्यावर नेमकं तेच आठवतं.

शिवाय नाक थकतं. एकच वास चार-पाच मिनिटं घेतला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. त्यामुळे वास दूर दूर ठेवावे लागतात आणि मधे साधी, बिनवासाची जागा लागते. ज्यांनी प्रत्येक कोपऱ्यात वास ठेवला, त्यांच्याकडे शेवटी कुठलाच उरला नाही.

स्पर्शाचं सोपं आहे, फक्त मन मोठं लागतं. घामाने आणि तेलाने संगमरवर मळतो, कांसं गंजतं, म्हणून मूळ वस्तूला हात नको हे बरोबरच. पण प्रतिकृतीला काय हरकत? माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये अंधांसाठी चित्रांच्या उंचवटे असलेल्या प्रती केल्या. लोक मोनालिसाच्या एका जुन्या प्रतीवरून बोटं फिरवत होते. डोळसांनीही पट्टी बांधून तसंच पाहावं अशी सोय होती.

माझा राग आहे तो वेगळ्या प्रकारावर. चार भिंतींवर प्रोजेक्टर मारायचे, जमिनीवर फुलं पसरताना दाखवायची, वरून व्हायोलिन लावायचं, आणि याला अनुभव म्हणायचं. तिकीट भारी. बाहेर पडताना माणसाकडे चाळीस फोटो असतात आणि पाणी कुठून येत होतं हे विचारलं तर उत्तर नसतं.

आता आपल्या अंगणात येऊ. मोगलाईत ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत त्या गावात आपण बसलोय. सराफ बाजाराजवळ सरकारवाडा आहे, पेशवाईतला, आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. लाकडी खांब, दगडी पायऱ्या. वर आनंदवल्ली आहे. राघोबादादांचा मुक्काम तिथं होता, नाव आनंदीबाईंवरून पडलं असं सांगतात, नवश्या गणपतीचा नवसही त्या दोघांशी जोडतात. पलीकडे गंगापूरला गोपिकाबाई उतारवयात राहिल्या. म्हणजे राजघराण्यातल्या माणसांचा वावर या नदीकाठी होता. तो आपण कसा दाखवतो? पाटी लावून. पाटीवर सनावळ्या.

पुण्याचं उदाहरण घ्या, कारण त्याचे कागद जास्त आहेत. शनिवारवाडा १७३२ ला राहता झाला, १८२८ च्या आगीत गेला. आज आत जाता आणि जोती पाहता. हजारी कारंजं म्हणून जे आहे ते सोळा पाकळ्यांचं कमळ, सवाई माधवराव लहान असताना त्यांच्या करमणुकीसाठी केलेलं. त्याला पाणी कुठलं? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला होता, जमिनीखालून, उताराने. मार्लीसारखं यंत्र नाही, खडखडाट नाही, फक्त उतार नीट धरलेला. मला ही तुलना फार मोलाची वाटते. तिकडे पाणी आणण्याच्या खटाटोपात माणसं मेली, इकडे डोंगर वर होता आणि गाव खाली, म्हणून काम निभावलं. पण शनिवारवाड्यात गेलेल्या पोराला हे कोण सांगतं? तिथं एक साधा, हाताने फिरवायचा चढ-उताराचा नमुना ठेवा. हौद वर केला की कमळातून पाणी उडतं, खाली केला की बसतं. वीज नको, पडदा नको.

नाशिकसाठी मी वेगळं करीन. इथं पाणी आणावं लागत नाही, ते येतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, गळ्याला लागलं, असं पूर मोजणारं हे गाव आहे. सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं की पूर मोठा, हे जुनी माणसं सांगतात. तर पायऱ्यांची प्रतिकृती करा आणि पुराच्या खुणा हाताला लागतील अशा खोदा. डोळे मिटून बोट फिरवावं आणि कुठल्या पायरीपर्यंत नदी आली ते कळावं. वास ठेवायचा तर पूर ओसरल्यावर दुकानांतून फावड्याने काढतात त्या गाळाचा. आणि गुलशनाबादचा गुलाबही ठेवा, माझी ना नाही. फक्त गाळाच्या शेजारी ठेवा.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे दिले आहेत.)

पहिला प्रश्न होता, ‘सर, हे सगळं करमणुकीकडे झुकत नाही का? अभ्यास कुठे राहिला?’

झुकतं. इसापाचा भुलभुलैया करमणूकच होता आणि त्यात एक मुलगा वाचायला शिकावा अशी सोय होती. मला अडचण करमणुकीची नाही. खोटा वास लावला तर अडचण आहे. त्या काळातल्या कागदांत, हिशोबांत, पत्रांत ज्याचा पुरावा आहे तोच वास ठेवायचा, आणि पाटीवर लिहायचं की हा आम्ही असा असा बनवला. त्यासाठी अभ्यास दुप्पट लागतो. चित्र टांगायला खिळा पुरतो, वास ठेवायला माळ्याची जमाखर्च-वही वाचावी लागते.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारला. ‘आमच्या शाळेत एका खोलीत असं काही करायचं तर खर्च किती येईल, आणि सगळ्यात आधी काय बिघडतं?’

वस्तूंचा खर्च फार नाही, ताई. एक चांगला सुतार, एक माळी, झाकणाचे डबे आणि कापूस यांवर भागेल. आधी बिघडतो तो वासच. आठवड्याभरात डब्यातला निशिगंध विटतो, लिदीला बुरशी येते, आणि मुलं झाकणं उघडी टाकतात. मोठमोठ्या दालनांतही उद्घाटनाच्या दिवशी वास असतो आणि तिसऱ्या महिन्यात नुसती पाटी. तेव्हा डबे विकत घेण्याआधी रोज सकाळी कापूस बदलणारं माणूस नेमा, आणि त्याचा वर्षभराचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरा.